आखाती युद्धाचा आजार आणि सप्लिमेंटची ट्रायल: माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. साताऱ्याकडचे नातेवाईक काय आणि इथले मराठी मंडळातले लोक काय, सगळे एकच विचारतात, तू ती कसली गोळी घेत होतास, नाव सांग ना, आमच्या ह्यांना पण हल्ली फार थकवा असतो. तर नाव आधीच सांगून टाकतो, कोएन्झाइम क्यू टेन. अमेरिकेत कुठल्याही औषधाच्या दुकानात व्हिटॅमिनच्या कपाटात मिळतं, भारतात पण मिळतं. पण नाव कळून तुमचा फारसा फायदा नाही. आखाती युद्धावरून आल्यापासून मला जो आजार आहे त्यावर हे चालतं का, हे तपासायच्या ट्रायलमध्ये मी होतो, आणि इतके महिने मी जी कॅप्सूल गिळत होतो त्यात ते होतं की नुसतं तेल होतं हे मला आजही माहीत नाहीये. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, काही जण तर चिडतात, की आजारी माणसाला, तेही लढाईवर जाऊन आलेल्या माणसाला, असं फसवतात का? फसवत नाहीत. मला सगळं आधी सांगितलेलं होतं, मी सही केली होती, आणि परत विचारलं तर परत करीन. का, ते सांगायलाच हे लिहितोय.

आधी थोडं मागचं. ऐंशीच्या दशकात वडिलांबरोबर आम्ही सगळे न्यू जर्सीला आलो. हायस्कूल झालं, पुढे कॉलेजला पैसे नव्हते, आर्मीत गेलं तर ते शिक्षणाचा खर्च देतात असं कळलं, ग्रीन कार्डवर भरती होता येतं हेही कळलं, मग गेलो. आमच्या घरात लष्कर नवीन नव्हतं, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले, त्यामुळे आई रडली पण वडील काही बोलले नाहीत. मी ट्रक ड्रायव्हर होतो, ट्रान्सपोर्ट कंपनीत. सद्दामने कुवेत घेतलं १९९० च्या ऑगस्टमध्ये, त्या वर्षाच्या शेवटाला आम्ही सौदीच्या वाळूत होतो.

तिथे काय काय अंगावर आलं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक म्हणजे ती गोळी, पायरिडोस्टिग्माइन ब्रोमाइड, आम्ही नुसतं पीबी म्हणायचो. छोटी पट्टी, २१ पांढऱ्या गोळ्या, ३० मिलिग्रॅमची एक, दर ८ तासांनी घ्यायची. शत्रूने नर्व्ह गॅस, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणारं विष, सोडला तर वाचण्यासाठी म्हणून. आमचा सार्जंट समोर उभा राहून घ्यायला लावायचा. घेतली की पोटात कळ यायची, नाक गळायचं, काहींच्या डोळ्याच्या पापण्या फडफडायच्या. ते औषध मुळात मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाच्या स्नायूंच्या आजाराचं. नर्व्ह गॅसच्या आधी घ्यायचं औषध म्हणून त्याला मंजुरी मिळाली २००३ मध्ये, म्हणजे आम्ही गिळून झाल्यावर एक तप उलटून गेल्यावर. मग कीटकनाशकं, माश्या इतक्या की जेवणाच्या ताटात पडायच्या, म्हणून अंगाला डीट, कपड्यांवर परमेथ्रिन, तंबूत टांगलेल्या विषारी पट्ट्या, सगळं एकदम. त्यात कुवेतच्या ६०० च्या वर तेलविहिरी पेटवलेल्या, दुपारी १२ वाजता हेडलाइट लावून ट्रक चालवलाय मी. आणि शेवटी खामिसिया. इराकमधला दारूगोळ्याचा मोठा डेपो, मार्च १९९१ मध्ये अमेरिकन सैन्यानेच तो उडवला, आत सारिन, म्हणजे असाच एक नर्व्ह गॅस, भरलेली रॉकेट्स आहेत हे उडवणाऱ्यांना माहीत नव्हतं. पेंटागॉनने ते कबूल केलं १९९६ मध्ये, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जवळजवळ एक लाख सैनिकांना पत्रं गेली की तुम्ही त्या वाऱ्याच्या वाटेत असण्याची शक्यता आहे. ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

परत आल्यावर सुरुवातीला वाटलं दमलोय, होईल बरं. झालं नाही. सकाळी उठलो की अंग असं की रात्रभर भातलावणी करून आलोय. सांधे दुखायचे, पोट कधी बिघडेल नेम नाही, वाचलेलं पान परत वाचावं लागायचं, बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, आणि झोप लागून पण झोप झाल्यासारखं वाटायचं नाही. रक्त तपासलं की सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं टेन्शन आहे, दुसऱ्यांनी सांगितलं वय होतंय, तेव्हा मी पंचविशीच्या आसपास होतो. लग्न झाल्यावर बायकोला पण पहिली काही वर्षं वाटायचं की हा माणूस आळशी आहे, ते तिने नंतर मला सांगितलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतं.

आम्ही जवळजवळ ७ लाख अमेरिकन सैनिक त्या युद्धात गेलो होतो, आणि त्यातल्या पाव ते एक तृतीयांश लोकांना हे असं काही ना काही झालं. अमेरिकन सरकारच्याच सल्लागार समितीने २००८ मध्ये मोठा रिपोर्ट दिला की हा आजार खरा आहे, मनाचा खेळ नाही, आणि पीबी आणि कीटकनाशकं यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. सारिनचा संबंध तेव्हा त्यांनी सोडून दिला नव्हता पण ठामही म्हटला नव्हता. २०२२ मध्ये टेक्सासच्या डॉ. रॉबर्ट हेली यांच्या टीमचा अभ्यास आला, की सारिनसारखं विष शरीरात मोडणारं एक एन्झाइम ज्यांच्यात जन्मतःच कमजोर आहे त्यांना हा आजार जास्त झाला. तो पेपर वाचून मी किती तरी वेळ नुसता बसून होतो. आमच्यातल्या कित्येकांचे आईवडील आपला मुलगा नाटकं करतोय असं समजूनच गेले.

तर इतकी वर्षं कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, सापडेल ते खातो. माझ्याकडे एक अख्खा खण होता बाटल्यांचा. मल्टिव्हिटॅमिन, माशाचं तेल, हळदीच्या कॅप्सूल, मॅग्नेशियम, कुठल्या तरी मशरूमची पावडर, आणि ताई साताऱ्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवायची ते अश्वगंधा आणि च्यवनप्राश. तिचं सुरूच असायचं, "अरे, तू आधी ते नियमानं घे बघू, चार दिवस घेतोस नि सोडतोस, कसा गुण येणार?" प्रत्येक बाटलीने सुरुवातीला बरं वाटायचं, मग परत जैसे थे. कशाने बरं वाटलं आणि कशाने नाही, हे मला कधीच सांगता आलं नसतं.

ट्रायलबद्दल मला कळलं ते माझ्या जुन्या कंपनीतल्या एका मित्राकडून. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, माजी सैनिकांचं आहे एवढं पुरे. फोनवर अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारले. आखातात कधी होता, त्रास कधी सुरू झाला, आणि मग सहा गट, थकवा-झोप, दुखणं, स्मरणशक्ती आणि मूड, पोट, श्वास, त्वचा. त्यातल्या किमान तीन गटांत त्रास पाहिजे, तोही जुना. ह्याला कॅन्ससची व्याख्या म्हणतात, २००० साली कॅन्सस राज्यातल्या सैनिकांच्या अभ्यासातून आलेली. आणि उलटही बघतात, म्हणजे डायबेटिस, हार्टचा आजार, कॅन्सर असं दुसरं काही असेल ज्याने हाच त्रास होऊ शकतो, तर तुम्हाला घेत नाहीत. आपल्या लोकांना इथेच धाकधूक. माझी शुगर बॉर्डरवर, वडिलांना डायबेटिस, काकांना डायबेटिस, रिपोर्ट येईपर्यंत बायको आणि मी दोघं गप्प होतो. थोडक्यात सुटलो.

मग संमतीपत्र. बऱ्यापैकी जाड होतं. मला वाटलेलं सहीचा सोपस्कार असेल, पण ट्रायलची जी कोऑर्डिनेटर होती, आधी नर्स म्हणून काम केलेली बाई, तिने प्रत्येक पान माझ्याबरोबर वाचलं, आणि मध्ये मध्ये थांबून मलाच विचारायची की आता हे तुमच्या शब्दांत मला सांगा. अर्ध्या लोकांना खरं मिळणार, अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांना कळणार नाही, तिला कळणार नाही, मला कळणार नाही. मधेच सोडलं तरी तुमच्या नेहमीच्या उपचारांना धक्का लागणार नाही. काही झालं, इमर्जन्सी आली, तर फार्मसीकडे यादी आहे, ती उघडता येते.

बायको शेजारी बसलेली. ती मला मराठीत म्हणाली, "अहो, म्हणजे इतक्या लांब यायचं, रक्त द्यायचं, आणि रिकामी गोळी खायची? इतकी वर्षं ह्यांनी तुम्हाला खोटं ठरवलं, आता गोळी पण खोटी?" मला पण आतून तेच टोचत होतं. एकदा आम्हाला न विचारता गोळ्या खायला घातल्या, आता विचारून घालताहेत, एवढाच फरक की काय. मी कोऑर्डिनेटरला तसं बोलून दाखवलं. ती रागावली नाही, समजूत पण काढली नाही. तिने मला डॉक्सिसायक्लिनची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. नव्वदच्या दशकात असा एक विचार जोरात होता की आमच्या आजाराचं कारण मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे आणि वर्षभर अँटिबायोटिक दिलं की बरं वाटेल. कित्येक सैनिक स्वतःच्या खिशातून ते घेत होते आणि शपथेवर सांगत होते की फरक पडला. मग सरकारने ट्रायल केली, ४९१ सैनिक, अर्ध्यांना डॉक्सिसायक्लिन, अर्ध्यांना प्लासिबो, १२ महिने. रिझल्ट २००४ मध्ये आला. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे जवळजवळ सारखेच लोक सुधारलेले, आणि खरं औषध घेणाऱ्यांना मळमळ आणि उन्हाचा त्रास जास्त. म्हणजे तो प्लासिबोचा गट नसता तर आजही आमच्यातले हजारो लोक वर्षानुवर्षं अँटिबायोटिक खात बसले असते, आणि खरं कारण शोधणारे पैसे तिकडेच गेले असते. ती म्हणाली, ज्यांना रिकामी गोळी मिळते तेच लोक सांगतात की भरलेल्या गोळीत काही आहे का. मला ते पटलं. मी बायकोला सांगितलं, ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली करा सही.

आता क्यू टेनच का. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, खाल्लेल्याची ऊर्जा तिथे तयार होते, आणि त्या कामात क्यू टेन लागतं, शरीर ते स्वतः पण बनवतं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात डॉ. बिएट्रिस गोलोम्ब यांनी आधी एक छोटा अभ्यास केला, ७ आजारी सैनिक आणि ७ निरोगी माणसं, पोटरीच्या स्नायूला व्यायाम देऊन मशीनवर मोजलं की ऊर्जा परत किती वेळात भरते. आजारी सैनिकांना जास्त वेळ लागला. ते वाचून मला कसं वाटलं असेल बघा, जिना चढल्यावर माझे पाय जे मला इतकी वर्षं सांगत होते ते कोणी तरी मशीनवर पाहिलं होतं. मग त्यांनीच ४६ सैनिकांवर क्यू टेनची ट्रायल केली, रिझल्ट २०१४ चा. रोज १०० मिलिग्रॅम, ३०० मिलिग्रॅम, किंवा प्लासिबो, साडेतीन महिने. सगळ्यांचं एकत्र बघितलं तर मुख्य मोजमापात ठोस फरक आला नाही, पण फक्त पुरुष बघितले तर १०० वाल्यांना फायदा दिसला, आणि गंमत म्हणजे ३०० वाल्यांना तेवढा नाही. बायका त्यात इतक्या कमी होत्या की त्यांच्याबद्दल काही म्हणताच आलं नाही. म्हणून मोठ्या ट्रायलची गरज. जाहिरातवाले ह्यातलं फक्त मधलं वाक्य उचलतात, "सैनिकांना फायदा", पुढचं-मागचं कापून.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकायला आधी मंजुरी लागत नाही, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ह्या दाव्याची एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तपासणी केलेली नाही. पण तेच सप्लिमेंट आजारावर चालतं का हे तपासायचं म्हटलं की ते औषध धरलं जातं आणि औषधाच्या ट्रायलचे सगळे नियम लागतात. म्हणजे विकायला सोपं आणि तपासायला अवघड. मग कोण तपासणार? जिला दुकानात विकूनच पैसे मिळताहेत ती कंपनी कशाला स्वतःहून त्या भानगडीत पडेल. आमच्यासारख्यांच्या ट्रायल बहुतेक सरकारी पैशावर चालतात, अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, २००६ मध्ये आखाती युद्धाच्या आजारासाठी वेगळा संशोधन निधी सुरू केला होता, त्यातून बऱ्याच झाल्या.

सुरू करण्याआधी सगळी सप्लिमेंट बंद करायची होती आणि मधे काही आठवडे काहीच न घेता राहायचं. कोऑर्डिनेटरने सांगितलं होतं घरात जे आहे ते सगळं घेऊन या. मी पिशवी टेबलावर ओतली. एकेक बाटली उचलून ती लिहून घेत होती, अश्वगंधापर्यंत ठीक चाललं, ते तिला माहीत होतं, मग आला च्यवनप्राशचा डबा. झाकण उघडून वास घेतला, मला विचारलं हे काय आहे, मी म्हटलं आवळ्याचा मुरंबा समजा, औषधी. घटक किती? डब्याच्या मागे बघितलं तर चाळीसच्या वर नावं, अर्धी संस्कृत. तिने फार्मासिस्टला बोलावलं, तो पण येऊन वास घेऊन गेला, दोघांनी मिळून इंटरनेटवर एकेक वनस्पती शोधली, मी उच्चार सांगतोय, ते लिहिताहेत. शेवटी निर्णय झाला की बंद. हळदीच्या कॅप्सूल बंद, पण भाजी-आमटीतली हळद चालेल. मला तो वेळ फार आवडला. इतकी वर्षं डॉक्टरांना सांगायचो मी अमुक घेतो तमुक घेतो, ते मान हलवून पुढे जायचे, इथे कोणी तरी पहिल्यांदा नीट विचारत होतं की तुमच्या पोटात नक्की काय जातं. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनबद्दल तर तिने दोनदा विचारलं, कारण क्यू टेनची रचना थोडी व्हिटॅमिन केसारखी आहे आणि त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ताईला फोनवर सांगितलं अश्वगंधा बंद केलं, तर ती दुखावली. "तुला बरं वाटावं म्हणूनच पाठवते ना मी." तिला समजवायला मला वेळ लागला, की ताई, तुझं अश्वगंधा वाईट म्हणून नाही, पण दोन्ही एकदम घेतलं तर कशानं काय झालं कळणार कसं.

बेसलाइनचा, म्हणजे कॅप्सूल सुरू करण्याआधीच्या मोजमापाचा, दिवस लांबलचक होता. रक्ताच्या बऱ्याच नळ्या. कागदावरचे प्रश्न, एक मैल चालताना किती अडचण येते, जिने चढताना, आंघोळ करताना, कपडे घालताना, खूप, थोडी, की अजिबात नाही. गेल्या चार आठवड्यांत उत्साह किती वेळा वाटला. ह्या प्रश्नांवर माझा आक्षेप आहे आणि तो मी तिथे लिहून पण दिला. आमचा आजार सपाट नसतो, आज मी मुलीबरोबर बाजारात जाऊन येईन आणि त्याची किंमत म्हणून परवा दिवसभर आडवा असेन, तर चार आठवड्यांचं एकच उत्तर काय देऊ? जो दिवस डोक्यात ताजा असतो तोच उत्तर देतो. नंतर त्यांनी रोजची डायरी दिली, त्यात जरा बरं उमटत होतं. मग कॉम्प्युटरवर आकडे लक्षात ठेवायची परीक्षा, आकडे उलट म्हणायचे, चार आकडे जमले, पाचला अडकलो. घरी तेलाच्या डब्याचा हिशोब तोंडी करणारा माणूस मी एके काळचा, तिथे खुर्चीत बसून डोळे भरून आले, ती बाई थांबली, पाणी दिलं, आणि मग परत पुढचे आकडे. थांबवलं नाही हे बरं केलं. शेवटी सहा मिनिटं चालणं, कॉरिडॉरमध्ये दोन कोन ठेवलेले, त्यांच्याभोवती फेऱ्या, ती हातात घड्याळ घेऊन दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलते, जास्त उत्तेजन द्यायचं नाही असा नियम, सगळ्यांना सारखं बोलायचं.

बाटलीवर माझं नाव नाही, नंबर. कॅप्सूल मऊ, नारिंगी. दोन्ही गटांच्या अगदी सारख्या दिसतात. तेलात विरघळणारी गोष्ट असल्यामुळे जेवणाबरोबर, आणि जेवणात थोडं स्निग्ध पाहिजे. इथे प्रश्न आला उपवासाचा. मी संकष्टी करतो. कोऑर्डिनेटरला विचारलं त्या दिवशी काय करू, ती म्हणाली उपवास म्हणजे पाणी फक्त? मी म्हटलं नाही नाही, साबुदाण्याची खिचडी, तूप, शेंगदाण्याचं कूट, बटाटा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली हे तर तुमच्या रोजच्या जेवणापेक्षा जास्त तेलकट आहे, खुशाल घ्या. तेही फाइलमध्ये लिहून ठेवलं.

मग महिने गेले. पहिल्या काही आठवड्यांत मला खरंच हलकं वाटायला लागलं. दुपारची झोप कमी झाली, गाडी धुतली एका रविवारी, बायको खिडकीतून बघत होती. मला वाटलं मिळालं, मला खरं मिळालंय. मग नोव्हेंबरात थंडी पडली आणि परत पूर्वीसारखं, मग वाटलं नाही, तेलच आहे. असं मन झोके घेत राहतं आणि त्याला इलाज नाही. वेटिंग रूममध्ये एक जण भेटायचा, तोही १९९१ चा, त्याने सांगितलं की त्याने एक कॅप्सूल फोडून बघितली, चाटून पण बघितली. मला काय चव होती ते सांगायला लागला, मी हात वर करून थांबवलं. मला खरंच ऐकायचं नव्हतं. कारण मला कळलं असतं तर माझी डायरी खोटी झाली असती, मुद्दाम नाही, आपोआप. ज्याला माहीत आहे आपल्याला खरं मिळतंय तो दुखण्याला पाचऐवजी चार लिहितो. आणि आमच्या लोकांना चारचा आकडा नकोय, खरा आकडा हवाय.

त्रास काही झाला की कळवायचा, कितीही बारीक. सर्दी झाली, लिहा. दाढ काढली आणि अँटिबायोटिक घेतलं, लिहा, तारखेसह. एकदा पोट बिघडलं, ते भाच्याच्या लग्नातल्या जेवणाने हे मला पक्कं माहीत होतं, तरी तिने लिहून घेतलं, म्हणाली कारण आपण ठरवायचं नाही, आपण फक्त नोंद करायची. प्रत्येक भेटीला उरलेल्या कॅप्सूल परत न्यायच्या, ती ट्रेमध्ये ओतून दोन-दोन करून मोजायची. विसरलेल्या दिवसांबद्दल ती रागवायची नाही, फक्त का ते विचारायची, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच, ज्या दिवशी त्रास जास्त त्या दिवशी जेवणच झालं नाही. हे तिने वेगळ्या रकान्यात लिहिलं. मला वाटतं अशा रकान्यातच आमचा आजार दिसतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. तिथे येणारे आम्ही सगळे येऊ शकणारे लोक होतो. माझ्याच कंपनीतला एक जण आहे, अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला गाडीत बसून इतक्या लांब येणं शक्यच नाही, आणि ट्रायलला खरी गरज त्याच्यासारख्यांची. आणि बायका. त्या युद्धात गेलेल्यांत साधारण ७ टक्के स्त्रिया होत्या, म्हणजे हजारोंनी, वेटिंग रूममध्ये मला एकच दिसली. घरी नर्स पाठवून रक्त घेता येतं, प्रश्न व्हिडिओवर विचारता येतात, हे मी शेवटच्या फॉर्ममध्ये लिहिलं, ज्यांच्या हातात आहे त्यांनी करावं.

शेवटच्या भेटीत परत सगळं तेच, रक्त, आकडे, चालणं. आणि एक प्रश्न, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला खरं मिळालं की प्लासिबो? हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, लोकांना अंदाज आला होता का ते बघायला. मी लिहिलं, माहीत नाही. रक्तातली क्यू टेनची पातळी मोजलेली आहे, पण तो आकडा कोऑर्डिनेटरलाही दाखवत नाहीत, सगळ्यांचं पूर्ण होऊन हिशोब लागेपर्यंत कुलपात. नंतर पत्र येईल की मी कुठल्या गटात होतो.

लोक विचारतात मग फरक पडला का. थोडा पडला, असं वाटतं. पण त्यात कॅप्सूल किती, वेळेवर जेवण किती, आणि दर भेटीला कोणी तरी माझं सगळं ऐकून लिहून घेतलं त्याचा वाटा किती, हे मी एकटा सांगूच शकत नाही, ते सगळ्यांचे आकडे एकत्र आल्यावरच कळेल. आणि समजा कळलं की क्यू टेन चालत नाही, तर मला वाईट वाटेल, पण तो वेळ फुकट गेला असं मी म्हणणार नाही. एक दार बंद झालं हे पुढच्याला कळेल, त्याचे पैसे आणि वर्षं वाचतील. समजा मी प्लासिबोत होतो आणि मला बरं वाटलं, तर त्याचा अर्थ आजार खोटा होता असा पण होत नाही. प्लासिबोने दुखणं कमी झालेलं खऱ्या जखमांमध्ये, ऑपरेशननंतर सुद्धा बघितलंय लोकांनी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्यातले पुष्कळ जण ह्याच भीतीने ट्रायलमध्ये जात नाहीत, की उद्या प्लासिबोने बरं वाटलं तर परत म्हणतील बघा, मनाचंच होतं.

भारतातल्या माजी सैनिकांच्या घरच्यांनी पण विचारलंय म्हणून शेवटी एवढंच. परवा ताईने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली, फौजी माणसांसाठी खास ताकदीची पावडर, वर लिहिलेलं क्लिनिकली टेस्टेड. मी तिला म्हटलं, ताई, त्यांना फोन करून तीन गोष्टी विचार. किती माणसांवर तपासली, सोबत प्लासिबोचा गट होता का, आणि नोंदणी नंबर काय. भारतात सीटीआरआय नावाची ट्रायलची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, औषधांच्या ट्रायलना तिथे २००९ पासून नोंद सक्तीची आहे, सप्लिमेंटच्या आणि आयुर्वेदिक औषधांच्याही बऱ्याच सापडतात, कोणीही फुकट बघू शकतं. आणि भाऊजींची बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची जी काही औषधं चालू आहेत त्यांची यादी घेऊन आधी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांना दाखव, मग काय ते पैसे भर. तिने फोन केला. समोरच्याने नंबर बघून कळवतो म्हणून सांगितलंय. तोपर्यंत पावडर मागवलेली नाही.